ब्रेकर सारखा ट्रिप होतोय? मोठा ब्रेकर बसवण्याआधी केबल बघा



एरवी आपण इथे बोलतो ते मार्केटिंग, जीएसटी, कर्ज आणि मालाची किंमत कशी ठरवायची यावर. आजचा विषय बघून काही जण म्हणतील, "सर, हे तर वायरमनचं काम. आम्हाला कशाला सांगताय?" खरं सांगू? काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. मी इंजिनिअर नाही, ट्रेनर आहे. पण आपल्याच एका बॅचमधल्या ताईंच्या युनिटमध्ये जे घडलं, त्यानंतर माझं मत पक्कं झालं. ब्रेकर किती अँपिअरचा आणि केबल किती जाडीची, हा निर्णय मालकाचा आहे. काम वायरमन करेल, पण तीन आकडे मालकाला तोंडपाठ पाहिजेत.

आधी काय झालं ते सांगतो.

मसाल्याचा सीझन आणि १८ दिवसांची शांतता

ताईंचं मसाल्याचं युनिट. हळद, मिरची, धणे दळून देणं आणि स्वतःचं पॅकिंग. पहिल्या वर्षी एकच पल्व्हरायझर होता, २० एचपीचा. मीटरजवळच्या बोर्डावर ४० अँपिअरचा थ्री-पोल एमसीबी, आणि तिथून शेडपर्यंत १० स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियमची पीव्हीसी केबल. पत्र्याच्या शेडमध्ये वर कैचीला बांधून नेलेली. वर्षभर काही तक्रार नाही.

दुसऱ्या वर्षी काम वाढलं. मार्च ते मे म्हणजे वर्षभराचं तिखट करून ठेवायचा काळ, तुम्हाला माहीतच आहे. ताईंनी १० एचपीचा सेकंडहँड पल्व्हरायझर घेतला, बरोबर एक चाळणी आणि ब्लोअर. सगळं त्याच केबलवर जोडलं. एप्रिलच्या दुपारी ब्रेकर पडायला लागला. सकाळी सगळं ठीक, दोन वाजले की धाड! वर केला की पुन्हा तासाभराने खाली. बाहेर गिऱ्हाइकं पोती घेऊन बसलेली.

वायरमन आला. म्हणाला, "ताई, ब्रेकर वीक झालाय. मोठा टाकू." २० मिनिटांत ६३ चा ब्रेकर बसला. त्यानंतर १८ दिवस एकदाही ट्रिप नाही. ताईंनी मला फोन करून आनंदाने सांगितलं, आणि मीही म्हणालो, "वा, छान झालं!"

एकोणिसाव्या दिवशी कैचीजवळ धूर दिसला. मध्ये एक जुना जॉइंट होता, तिथे केबलचं आवरण वितळून आतल्या वायरी एकमेकींना चिकटल्या. मिरचीच्या खाटात जळका वास कुणाला आलाच नाही. नशिबाने एका मुलाचं वर लक्ष गेलं. सगळे बाहेर पळाले, कुणाला काही झालं नाही. पण युनिट ११ दिवस बंद. तेही एप्रिलच्या शेवटी! गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीत गेलं, आणि त्यातलं बरंचसं परत आलं नाही.

नंतर ताईंनी मला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. "सर, ब्रेकर नवा होता, चांगल्या कंपनीचा होता. मग तो पडला का नाही?"

उत्तर साधं आहे, पण पचायला जड. ब्रेकर पडला नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं.

हिशोब करून बघू

थ्री-फेज, ४१५ व्होल्टच्या मोटरला पूर्ण लोडवर एका एचपीला साधारण १.४ अँपिअर लागतात. शॉप फ्लोअरवर लोक "दीड धरा" म्हणतात, तेही चालेल. २० एचपीला २८ अँपिअर, १० एचपीला १४. झाले ४२. चाळणी आणि ब्लोअर धरून ४५ म्हणू.

आता केबल. १० स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियमची पीव्हीसी केबल मोकळ्या हवेत साधारण ४० अँपिअर नेऊ शकते. पण हा आकडा ४० डिग्री हवेचा आहे. एप्रिलमध्ये पत्र्याखाली, कैचीच्या उंचीवर ४० डिग्री असते का? तिथे ५० सहज होते. पीव्हीसी केबलच्या आतली तार ७० डिग्रीच्या वर जाऊ नये असा नियम आहे. बाहेरच ५० असेल तर तापायला जागा उरली फक्त २० डिग्रीची. म्हणून अशा ठिकाणी केबलची क्षमता ०.८२ ने गुणायची. ४० गुणिले ०.८२ म्हणजे ३३ अँपिअर.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवा. लोड ४५. केबल ३३. ब्रेकर ६३.

ब्रेकरला दिसतंय ४५, त्याची मर्यादा ६३. तो कशाला पडेल? आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. ४५ भागिले ३३ म्हणजे १.३६, त्याचा वर्ग केला की जवळजवळ १.९. म्हणजे त्या केबलमध्ये तिला झेपेल त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता रोज आठ-दहा तास तयार होत होती. जॉइंटच्या जागी तर त्याहून जास्त.

"पण सर, मोटरच्या स्टार्टरला ओव्हरलोड रिले असतो ना?" असतो. तो मोटरसाठी असतो. ताईंच्या दोन्ही मोटरी आपापल्या मर्यादेत चालत होत्या, त्यामुळे दोन्ही रिले गप्प. प्रत्येक मोटर ठीक होती. दोघींचं ओझं एकत्र उचलणारी केबल ठीक नव्हती, आणि तिच्याकडे बघणारं कुणीच उरलं नव्हतं. बघणारा होता तो ४० चा ब्रेकर. तो रोज दुपारी ओरडून सांगत होता, आणि आपण त्यालाच कामावरून काढलं.

ब्रेकर कुणाचा राखणदार?

ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बोर्डावरचा ब्रेकर हा सगळ्यात आधी केबलचा राखणदार आहे. मशीनसाठी वेगळा रिले असतो. माणसाला शॉक लागू नये म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी असतात. केबल मात्र मुकी आहे. तिला ना डायल, ना लाल बटण. तिच्या वतीने बोलणारा एकच, तो ब्रेकर.

कुकरची शिट्टी सारखी व्हायला लागली तर आपण शिट्टीवर वरवंटा ठेवतो का? नाही, गॅस बारीक करतो. पण युनिटमध्ये आपण बरोबर उलटं करतो. आवाज बंद झाला म्हणजे आजार बरा झाला असं समजतो.

म्हणून नियम हा. लोडचा करंट सगळ्यात कमी, ब्रेकरचा आकडा मध्ये, केबलची क्षमता सगळ्यात जास्त. लोड, ब्रेकर, केबल, असे चढत्या क्रमाने तीन आकडे. क्रम मोडला की संरक्षण संपलं. ब्रेकर मोठा करायचा असेल तर केबलही त्याच्यापेक्षा मोठी पाहिजे. यात जुगाड नाही.

ताईंनी नंतर काय केलं? परवानाधारक ठेकेदाराकडून २५ स्क्वेअर एमएमची केबल टाकली, मध्ये एकही जॉइंट नाही. ती हवेत साधारण ७० अँपिअर नेते, पत्र्याखालच्या उन्हाचा हिशोब धरून ५७. ब्रेकर घेतला एमसीसीबी, ६३ चा, पण सेटिंग बदलता येणारा. त्याची डायल ठेवली ०.८ वर. ६३ गुणिले ०.८ म्हणजे ५० अँपिअर. आता आकडे बघा. ४५, ५०, ५७. लागला क्रम.

ती छोटी डायल

इथे एक गोष्ट लक्षात आली का? ब्रेकर याही वेळी ६३ चाच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आधीही ६३, आताही ६३, फरक काय? फरक आहे त्या डायलमध्ये. एमसीसीबीवर जो मोठा आकडा छापलेला असतो ती त्याची कमाल मर्यादा. तो प्रत्यक्षात कितीवर काम करेल हे डायल ठरवते. मोठ्या ब्रेकरवर अशा दोन-तीन डायली असतात. एक ओव्हरलोडची, एक शॉर्ट सर्किटची, काहींमध्ये वेळेची.

आता कल्पना करा, उद्या कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन ती डायल ०.८ वरून १ वर नेली. मर्यादा ६३ झाली, केबल ५७ ची. दोन सेकंदांत क्रम मोडला, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ना नवीन ब्रेकरचं बिल, ना काम झाल्याची खूण. माझ्या मते सेटिंग बदलणं हे ब्रेकर बदलण्याइतकंच मोठं काम आहे. म्हणून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. कुठला ब्रेकर, कुठली केबल, सेटिंग किती, कुणी ठेवलं, तारीख काय. खाली मालकाची सही. त्या कागदावर खाडाखोड न करता डायल हलली तर जाब विचारायचा.

आणखी एक गैरसमज. ४० चा ब्रेकर ४१ वर लगेच पडतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. एमसीबीच्या मानकाप्रमाणे लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंट गेला तरी तो एक तास पडता कामा नये, आणि १.४५ पट गेला तर एका तासाच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे ४० चा एमसीबी ४५ अँपिअर तासभर आरामात सोडू शकतो. हा हिशोब ३० डिग्रीचा आहे. पत्र्याखालच्या तापलेल्या बोर्डात तो लवकर पडतो. ताईंचा ब्रेकर सकाळी शांत आणि दुपारी दोनला धाड का करत होता, ते आता कळलं ना? तो वीक नव्हता. ऊन वाढलं की केबलचीही ताकद कमी होत होती, आणि तोही लवकर ओरडत होता. राखणदार चांगलाच होता!

कधी पडतो ते बघा, मग उपाय करा

वायरमनला फोन करताना फक्त "ट्रिप होतोय" असं सांगू नका. कधी पडतो ते नीट बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

पहिला प्रकार, मशीन सुरू करताना लगेच पडतो. मोटर थेट सुरू केली की पहिले काही सेकंद ती सहा-सात पट करंट ओढते. सी कर्व्हचा एमसीबी पाच ते दहा पटीच्या दरम्यान तत्काळ पडतो, डी कर्व्हचा दहा ते वीस पटीच्या दरम्यान. इथे उपाय बहुतेक वेळा कर्व्ह बदलणं किंवा स्टार-डेल्टा अथवा सॉफ्ट स्टार्टर हा असतो. अँपिअर वाढवणं हा नव्हे! पण डी कर्व्ह लावण्याआधी केबलच्या लांबीचा हिशोब करून घ्या. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरा प्रकार, तास-दीड तास चालून पडतो, दुपारी जास्त. हा ओव्हरलोड आणि उष्णतेचा प्रकार. लोड वाढलाय, केबल अपुरी आहे, स्क्रू सैल होऊन टर्मिनल तापतंय, नाहीतर मशीन जाम होतंय. क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा प्रकार, वर केला की त्याच क्षणी परत पडतो. इथे हात आवरा. कुठेतरी शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा वर करून बघणं म्हणजे आगीत पेंढा टाकणं.

चौथा प्रकार, आरसीसीबी पडतो. म्हणजे करंट कुठेतरी जमिनीत गळतोय. ओली मोटर, कुरतडलेली वायर. त्याला बायपास करून काम चालू ठेवणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ.

चारही प्रकारांना बाजारात औषध एकच मिळतं, "मोठा टाकू". आणि ते चारही प्रकारांत चुकीचं आहे.

शॉर्ट सर्किटचा हिशोब वेगळा

आतापर्यंत बोललो ते हळूहळू तापण्याबद्दल. शॉर्ट सर्किटमध्ये तास नाही, मिलिसेकंद मोजतात. एक उदाहरण देतो. १० स्क्वेअर एमएमच्या अ‍ॅल्युमिनियम पीव्हीसी केबलमधून ५,००० अँपिअरचा शॉर्ट गेला, तर ती साधारण २३ मिलिसेकंद तग धरते. आपल्याकडे ५० हर्ट्झचा पुरवठा, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे एका आवर्तनाच्या आसपास ब्रेकरने काम संपवलं पाहिजे. चांगला एमसीबी किंवा एमसीसीबी तत्काळ सेटिंगवर हे करतो.

आता मोठ्या युनिटमध्ये काय होतं? एका मशीनमध्ये शॉर्ट झाला की सगळी कंपनी अंधारात जाऊ नये, म्हणून मेन ब्रेकरला मुद्दाम थोडा उशिरा पडायला सांगतात. समजा ०.२ सेकंद. कल्पना चांगली आहे, आधी खालचा पडावा, वरचा थांबावा. पण मग त्या उशीर लावलेल्या ब्रेकरच्या थेट खाली जी केबल आहे, तिने ०.२ सेकंद तो मार सोसला पाहिजे. त्याच ५,००० अँपिअरला १० ची केबल तिथे टिकणार नाही. हिशोबाने जवळजवळ ३० स्क्वेअर एमएम लागतात, म्हणजे बाजारातली ३५ ची. उशीर हवा असेल तर केबलही तशी हवी. सेटिंग आणि केबल ही जोडी आहे, एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आणि हो, ब्रेकरवर किलोअँपिअरचा एक आकडा असतो, १०, १६, २५, ३६ असा. तो ब्रेकर किती मोठा शॉर्ट सुखरूप तोडू शकतो ते सांगतो. ५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ शॉर्टचा करंट १५ किलोअँपिअरच्या घरात जाऊ शकतो. तिथे १० किलोअँपिअरचा एमसीबी लावला तर तो केबलला वाचवण्याआधी स्वतःच फुटू शकतो. याच्या उलट, लांब आणि बारीक केबलच्या शेवटच्या टोकाला शॉर्ट झाला तर करंट इतका कमी असतो की ब्रेकरला तो शॉर्ट वाटतच नाही, नुसता ओव्हरलोड वाटतो. डी कर्व्हला तर जास्तच. म्हणून मघाशी म्हणालो, कर्व्ह बदलण्याआधी लांबी बघा.

हा हिशोब तुम्ही स्वतः करा असं मी म्हणत नाही. पण ठेकेदाराला विचारा, "साहेब, शॉर्ट सर्किटला ही केबल चालेल का? हिशोब दाखवाल?" जाणकार माणूस खूश होऊन दाखवतो. जो चिडतो, त्याच्याबद्दल विचार करा.

माझी स्वतःची चूक

आता मनातलं सांगतो. ताईंचा प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याच नमुन्यावर बनला होता. त्यात मशीनच्या सात ओळी होत्या, मॉडेल नंबर आणि कोटेशनसकट. पॅकिंग मटेरिअलच्या पाच ओळी. आणि विजेसाठी? एक ओळ. "इलेक्ट्रिक फिटिंग, एकरकमी." बस्स. पीएमएफएमई असो, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती असो, असे कितीतरी रिपोर्ट मी पाहिलेत, सगळ्यांत हीच एक ओळ. बँक मशीनचं कोटेशन मागते, केबलचं कुणी मागत नाही. मग पैसे कमी पडले की कात्री त्याच ओळीला लागते.

वायरमनला दोष देणं सोपं आहे. पण त्या दिवशी त्याला आपण काय सांगितलं होतं? "दादा, काहीही कर, पण दुपारच्या आत चालू करून दे." त्याने तेच केलं. ट्रिपिंग थांबवायला सांगितलं, त्याने थांबवलं. ट्रिपिंग का होतंय हे शोधायला कुणी सांगितलंच नाही. प्रश्न चुकीचा होता, आणि तो प्रश्न मालकाचा होता. मी त्यांचा ट्रेनर, मीही "वा, छान" म्हणून मोकळा झालो.

काही जण म्हणतील, "सर, सुरुवातीला पैसेच नसतात. जाड केबल परवडत नाही." मान्य. मीही बूटस्ट्रॅपिंगच शिकवतो. पण माझं मत स्पष्ट आहे. मशीन सेकंडहँड घ्या, टेबल-खुर्ची जुनी घ्या, बोर्डावरचं नाव हाताने रंगवा. केबल आणि ब्रेकरमध्ये मात्र काटकसर नको. मशीन बिघडलं तर एक मशीन बंद पडतं. केबल जळली तर सगळं युनिट बंद पडतं, आणि कधी कधी कायमचं. उलट पुढच्या वर्षी दुसरं मशीन येणार हे डोळ्यासमोर असेल तर केबल आत्ताच एक साईज मोठी टाका. ब्रेकर आणि सेटिंग आजच्या लोडप्रमाणे ठेवा. पुढे लोड वाढला की केबलच्या मर्यादेत राहून फक्त सेटिंग बदलायचं. केबल पुन्हा टाकण्याचा खर्च, मजुरी आणि बंद पडलेले दिवस वाचतात.

"शेजारच्या गाळ्यात पण असंच आहे, त्यांचं काही झालं नाही," हेही मी ऐकलंय. ताईंच्याकडेही १८ दिवस काही झालं नव्हतं.

या आठवड्यात करायची पाच कामं

१. क्लॅम्प मीटरने मोजून घ्या. सगळी मशीनं चालू असताना, दुपारच्या वेळी, प्रत्येक फेजचा करंट. हा तुमचा पहिला आकडा.

२. प्रत्येक ब्रेकरचा आकडा आणि डायलचं सेटिंग लिहून घ्या. हा दुसरा. पॅनल स्वतः उघडू नका, जाणकाराकडून उघडून घ्या.

३. केबलवर छापलेलं वाचा. किती स्क्वेअर एमएम, तांबं की अ‍ॅल्युमिनियम, पीव्हीसी की एक्सएलपीई. एक्सएलपीई ९० डिग्रीपर्यंत चालते, म्हणून त्याच जाडीत जास्त करंट नेते. कंपनीच्या तक्त्यात क्षमता बघा आणि ऊन व गर्दी या दोन गोष्टींनी कमी करा. गर्दी म्हणजे एकत्र बांधलेल्या केबली. तीन लोड झालेल्या केबलींची मोळी बांधली तर क्षमता साधारण ०.७ पट राहते, सहांची बांधली तर ०.५७. दिसायला नीटनेटकी मोळी आतून भट्टी असते. हा तुमचा तिसरा आकडा.

४. तिन्ही आकडे चढत्या क्रमात आहेत का बघा. नसतील तर पहिल्यांदा लोड कमी करा किंवा सेटिंग खाली आणा. मशीनं पाळीपाळीने चालवा, आणि मग केबल बदला. तोपर्यंत ब्रेकर पडला तर पडू द्या. तो तुमच्या बाजूचा आहे.

५. नवीन मशीन घेताना महावितरणकडचा मंजूर भार पुरेसा आहे का तपासा, आणि काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. विजेच्या सुरक्षेबाबत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम आहेत, वायरिंगसाठी आयएस ७३२ हे भारतीय मानक आहे. ठेकेदाराकडून एक पानी सिंगल लाइन डायग्रॅम मागा. मीटरपासून मशीनपर्यंत कुठे कुठला ब्रेकर, कुठली केबल, किती सेटिंग. तो कागद जागेच्या करारासारखा फाईलमध्ये जपून ठेवा.

माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या नमुन्यात आता "एकरकमी" ही ओळ नाही. तिथे चार रकाने आहेत. लोड, ब्रेकर आणि सेटिंग, केबल, खर्च. प्रत्येक मशीनसमोर हे चार रकाने भरल्याशिवाय मी रिपोर्ट पुढे जाऊ देत नाही. काही जण कुरकुर करतात. करू देत.

ताईंचं युनिट आता चांगलं चाललंय. या मे महिन्यात एकदा त्यांचा ब्रेकर पडला. त्यांनी मोठा बसवायला सांगितलं नाही, मशीनं बंद करून करंट मोजायला माणूस बोलावला. १० एचपीच्या पल्व्हरायझरचं बेअरिंग गेलं होतं, मोटर जास्त करंट ओढत होती. बेअरिंग बदललं, संध्याकाळी दळण सुरू. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "सर, ब्रेकरने सांगितलं म्हणून कळलं."

तुमच्या युनिटचे तीन आकडे या आठवड्यात काढा. मोठं मशीन घ्यायचं स्वप्न जरूर बघा, पण आधी केबलला विचारा, तुला झेपेल का?

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा वाढवा, आणि सांभाळून वाढवा!